नानांना बोलायला जागा

पुणे, २ फेब्रुवारी

प्रियंका,

ऑफिसच्या मेलवरून पत्र आलंय म्हणून घाबरू नकोस. आमच्या खेळाची चाचणी सुरू झाली आहे आणि बाहेरच्या माणसांनी खेळून पाहून लेखी कळवायचं, अशी इथली पद्धत आहे. फोनवर बोललेलं कुणी धरत नाही. लिहिलेलं असेल तर मला ते टीमसमोर ठेवता येतं. तुझं नाव मी तुला न विचारता यादीत घातलं आहे. शाळेत नाटकात असंच घातलं होतं तेव्हा तू आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हतीस, पण राणी झकास झाली होतीस.

खेळाचं नाव 'पेठ'. एका गावात तुला कापडाचं बंद पडलेलं दुकान मिळतं, ते चालवून दाखवायचं. तलवार नाही, राक्षस नाही. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मनात एक आकडा घेऊन येतं, तो तुला दिसत नाही. तू भाव सांगायचा. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर एक पट्टी आहे, तिला आम्ही 'मर्जी' म्हणतो. भाव त्याच्या मनाजवळ बसला की मर्जी वाढते, फार वर गेलीस की उतरते. ती पुरती उतरली की ते गिऱ्हाईक पुन्हा तुझी पायरी चढत नाही. चित्रं, आवाज वगैरे दुसरी माणसं करतात; भाव आणि मर्जी यांचं सगळं गणित माझ्याकडे आहे. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला सोलापूरला आले होते तेव्हा तुमच्या कापडदुकानात गादीवर बसून तुझ्या अप्पांचं डोकं खाल्लं ते याचसाठी.

अप्पा शिडीवरून पडल्याचं अब्बांनी सांगितलं. तुमचा माल टेम्पोतून आणताना त्यांनी वर जाऊन बघितलं म्हणे, तर अप्पा पलंगावरून त्यांनाच गाठोडी नीट उतरवायला सांगत होते. आता दुकान कोण बघतंय? मला सगळं कळव, खेळाचंही आणि घरचंही. घरचं मी टीमला दाखवणार नाही.

राहत

सोलापूर, ९ फेब्रुवारी

राहत,

दुकान मी बघते आहे. अप्पांच्या मांडीच्या हाडात सळई घातली आहे, तीन महिने जिना उतरायचा नाही. ते वरच्या खोलीत आहेत, आणि खाली कुणी साडी उलगडली तरी त्यांना आवाजावरून कळतं, असं त्यांचं म्हणणं आहे.

सोमलिंगकाका लगेच आले. भवानी पेठेत एवढी मोक्याची जागा, तयार कपड्यांच्या एका शोरूमवाल्याला भाड्याने द्या आणि दादा तुम्ही आराम करा, असा त्यांचा सल्ला. मी म्हटलं, मी चालवते. चादरी, टॉवेल, परकराचं कापड मी विकू शकेन हे काकांना मान्य आहे. पण आपल्या दुकानाचं पोट भरतं बस्त्यांवर. लग्नाचं सगळं कापड एका बैठकीत घेऊन जायचं, घरातली दहा माणसं गादीवर, आणि शेवटी एका आकड्यावर सौदा. काका म्हणाले, "गिऱ्हाईक बाईकडून कापड घेतं, बाईशी सौदा करत नाही." हे माझ्यासमोर, माझाच चहा पीत.

अप्पांनी दोघांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले की श्रीपूरच्या कोंडीबा नानांचा नातू पृथ्वीराज याचं एप्रिलअखेर लग्न आहे. नानांच्या वडिलांपासून त्या घरचा प्रत्येक बस्ता आपल्याकडे बांधला गेला. अकलूज त्यांना हाकेवर, तरी शंभर किलोमीटर येतात. साखर कारखान्यावरची निम्मी घरं नानांचं बघून आपल्याकडे येतात. "नानांचा बस्ता तुझ्या हातून बांधला गेला तर दुकान तुझं. नाही तर सोमलिंग म्हणतो तसं." काका लगेच हो म्हणाले. मीही म्हणाले.

आता खेळ. पहिल्या दिवशी माझं दुकान बुडालं. मी सगळ्यांना भरपूर वरचा भाव सांगितला, ते कमी करून मागतील म्हणून. एक घाईतली बाई, एक नुसताच बघत फिरणारा आणि एक मास्तर, तिघेही निघून गेले. आणि तुझ्या दुकानात कुणी चहा विचारत नाही. हे टीमला जरूर दाखव.

प्रियंका

पुणे, १२ फेब्रुवारी

प्रियंका,

चहाचं टीमला दाखवलं. चित्रं काढणारा मुलगा म्हणाला की कप हातात धरलेली माणसं काढायला त्याला महिना लागेल.

तू बुडालीस कारण तू सगळ्यांना एकाच मापाने मोजलंस. एकटं गिऱ्हाईक आलं की सरळ भाव सांगून बघ. अगदी शेवटचा, ज्याच्या खाली तुला परवडत नाही तो. सुरुवातीला हातात कमी पडेल. पण मर्जी वाढली की तेच माणूस परत येतं, महाग माल मागतं, दुसऱ्याला घेऊन येतं. माझं सगळं गणित याच्यावर उभं आहे.

काकांना सांग, आमच्या खेळात गादीवर बाई बसवता येते आणि तिने गिऱ्हाईक काही कमी होत नाही. मी मोजलंय.

राहत

सोलापूर, २० फेब्रुवारी

राहत,

सरळ भावाने खेळात दुकान उभं राहिलं. तो मास्तर तर आता रोज येतो, काही घ्यायचं नसलं तरी.

मग मी विचार केला, इथे का नको? चादरी आणि टॉवेलांवर मी शेवटचा भाव सांगायला सुरुवात केली. हा एकच भाव, यात कमी नाही. पहिले दोन दिवस लोक बावचळले. एका बाईने मला तब्येत बरी आहे का विचारलं. पण काल कॉलेजच्या होस्टेलवरच्या मुली आल्या, आज त्याच आणखी चौघींना घेऊन आल्या. कल्लप्पा, आमचा जुना माणूस, माझ्या लहानपणापासून कापड फाडतोय. तो म्हणतो, "ताई, असं चाललं तर माझ्या तोंडाला गंज चढंल की." त्याला गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायला आवडतं.

नाना रविवारी, २ मार्चला येणार आहेत. कारखान्याचा हंगाम संपला की लगेच, म्हणजे पृथ्वीराजलाही सुट्टी. मी ठरवलंय. त्यांना सगळ्यांत सरळ वागवायचं. एवढ्या वर्षांच्या माणसांशी ताणाताणी कसली करायची?

प्रियंका

पुणे, २२ फेब्रुवारी

प्रियंका,

छान. खेळाची दुसरी आवृत्ती सोबत पाठवते आहे. तिच्यात आता एकटीदुकटी माणसं नाहीत, अख्खी कुटुंबं येतात. बस्ताच म्हण. पण नाना येऊन जाईपर्यंत उघडू नकोस, तुझं डोकं ठिकाणावर राहू दे. नंतर निवांत खेळ.

नाना येतील त्याच दिवसापासून आमचे रोजे सुरू होतील. तुझं नाव घेऊन दुआ मागेन.

राहत

सोलापूर, ३ मार्च

राहत,

हे टीमला दाखवायचं नाही.

नाना आले आणि गेले. सकाळी अकराला अकरा माणसं आली. नवऱ्यामुलाची आई, दोन आत्या, मामा, पोरं. चार तास माल बघितला. शालू पसंत पडला, मानपानाच्या साड्या, धोतरजोड्या, टॉवेल-टोप्या, सगळं बाजूला निघालं. जेवण झालं. मग आकड्याची वेळ आली. मी आकडा सांगितला. नानांनी दोन वेळा माझ्याकडे बघितलं, पाणी मागितलं, टोपी घातली आणि म्हणाले, "बरं. येतो आमी." बायका एकमेकींकडे बघत उठल्या. एवढंच.

निवडलेला माल अजून गादीच्या कोपऱ्यात आहे. कल्लप्पा तो घडी करून ठेवू का विचारत होता, मी हात लावू दिला नाही.

काका संध्याकाळी आले. त्या ढिगाकडे बघून हसले. शोरूमवाला जागा बघायला अठ्ठावीस तारखेला येणार आहे.

अप्पांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, त्यांना बाईशी सौदा करायचा नव्हता.

प्रियंका

पुणे, ४ मार्च

प्रियंका,

तुझं पत्र वाचून मी इतकी चिडले की रोजा असून ऑफिसात दोघांशी भांडले. तीन पिढ्या येतात आणि मुलीने आकडा सांगितला म्हणून उठून जातात?

ऐक. अजून वेळ आहे. अप्पांना व्हिडिओ कॉलवर घेऊन नानांशी बोलू दे. नाही तर काकांना बसव गादीवर एक दिवस. सौदा ते करतील, दुकान तुझं राहील. हरकत काय आहे? मला माहीत आहे तुला हे आवडणार नाही, पण दुकान महत्त्वाचं.

राहत

सोलापूर, १२ मार्च

राहत,

काकांना गादीवर बसवायचं असतं तर पहिल्याच दिवशी बसवलं असतं. पुन्हा हे सुचवू नकोस.

बाकी तुझी दुसरी आवृत्ती मी आठवडाभर खेळते आहे आणि ती बिघडलेली आहे. हे मात्र टीमला दाखव. लेखी तक्रार म्हणून धर.

कुटुंब येतं. सगळ्यांच्या डोक्यावर वेगवेगळी मर्जी. बायकांची माल दाखवताना भरते, पोरांची लगेच भरते. मधे एक म्हातारा बसतो, काठीवाला. त्याची मर्जी सुरुवातीलाच जवळजवळ पूर्ण असते, जुनं गिऱ्हाईक म्हणून. शेवटी मी सरळ आकडा सांगते, अगदी शेवटचा, एक रुपयाही त्यात माझा नाही. लगेच म्हाताऱ्याची मर्जी धाडकन शून्य आणि सगळं कुटुंब उठून चालू लागतं. माल तसाच पडून.

मी भाव आणखी उतरवून बघितला. खोट खाऊनही बघितलं. जेवढा खाली जाते तेवढा तो लवकर उठतो. स्वस्त दिलं तर गिऱ्हाईक चिडतं, असं कुठे असतं का? तुमच्या गणितात अधिकचं वजा झालं असणार. दुरुस्त कर. त्या म्हाताऱ्याचं तोंड बघवत नाही मला.

प्रियंका

पुणे, १३ मार्च

प्रियंका,

हीच तक्रार आणखी सात जणांनी केली आहे. आमचे साहेब म्हणतात की कुटुंबांचा भाग काढून टाका, लोकांना कळत नाही. सोमवारपर्यंत मी उत्तर द्यायचं आहे. म्हणून काल बसून मी स्वतः तपासलं.

गणित बिघडलेलं नाही. तो नियम मीच लिहिला आणि विसरून गेले होते. जानेवारीत अप्पांना मी विचारलं होतं की बस्त्यात सगळ्यांत मोठी चूक कोणती. ते म्हणाले, वडीलधाऱ्याला बोलायला जागा न ठेवणं. घरचा थोरला माणूस सगळ्यांदेखत भाव खाली आणतो, ते त्याचं बस्त्यातलं काम. म्हणून त्याच्यापुरता आकडा वर ठेवायचा. मला गंमत वाटली, मी घातलं. म्हाताऱ्याची मर्जी भाव किती आहे यावर चालत नाही. तो त्याच्या शब्दाने किती उतरला यावर चालते. एकट्या गिऱ्हाइकाला सरळ भाव चालतो. म्हाताऱ्याला तू सरळ शेवटचा आकडा दिलास की उतरवायला काही उरतच नाही.

आता मी एक विचारते, रागावू नकोस. तीन तारखेच्या पत्रात तू लिहिलंस, 'मी आकडा सांगितला.' कोणता सांगितलास?

राहत

सोलापूर, १५ मार्च

राहत,

शेवटचा. एक लाख दहा हजार. अप्पा गादीवर असते तर एक लाख सव्वीसवरून सुरुवात केली असती आणि दहा-बारापर्यंत आले असते. मी ते सगळं गाळून थेट दहा म्हटलं, वर हसून म्हणाले की नाना, यात एक पैसा कमी होणार नाही, घरचा भाव लावलाय. मला वाटलं मी त्यांना मान देते आहे. कल्लप्पाने पायाने माझा पाय दाबला होता. मी त्याला सरकून बस म्हटलं.

अप्पांना आज खरं सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून हसले की रडले ते मला दिसलं नाही. नंतर म्हणाले, हे तुला सांगायचं राहिलं, मला वाटलं तुला येतच असेल.

म्हणजे मी मुलगी म्हणून नाना उठून गेले नाहीत. हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. उलट जास्त लागलं, कारण आता दोष देण्यासारखं कुणी उरलं नाही. असो. दोष देऊन माल विकला जात नाही.

एकच सांग. तुझ्या खेळात असा उठलेला म्हातारा परत कसा आणायचा? मी त्याच्या घरापाशी गेले, दार वाजवलं, काही होत नाही.

प्रियंका

पुणे, १६ मार्च

प्रियंका,

परत आणायची वाट मी ठेवलेली नाही. दार नुसतं चित्र आहे. मर्जी शून्य झाली की ते घर कायमचं गेलं, असा नियम आहे. आणि अडचण खरीच आहे. एकदा तळाचा आकडा बोललीस की पुढच्या वेळी वरचा कसा सांगशील? त्याहून खाली गेलीस तर तू बुडालीस, आणि वर गेलीस तर खोटारडी ठरलीस. मी काल दिवसभर कागदावर मांडून पाहिलं, वाट निघत नाही.

साहेबांकडून मी दोन आठवडे मागून घेतले आहेत. तू वाट काढलीस तर मी ती खेळात घालीन. नाही काढलीस तर कुटुंबं जातील, आणि सगळी गिऱ्हाइकं एकटीच येतील.

अब्बा गुरुवारी माळशिरसकडे माल टाकायला जाणार आहेत. श्रीपूर वाटेत नाही, पण ते म्हणाले, वाट केली की होते.

राहत

सोलापूर, २४ मार्च

राहत,

सगळं सविस्तर लिहिते. हवं तर सगळं टीमला दाखव.

गुरुवारी पहाटे तुझे अब्बा, आमचे पीरसाब चाचा, रोज्याची सहरी करून टेम्पो घेऊन आले तेव्हा मी दुकानाच्या पायरीवरच बसले होते. टेम्पोत मी कापड घेतलं नाही. कल्लप्पा निदान टॉवेल-टोपी तरी न्या म्हणाला, तेही नाही. चाचा वाटेत एकदाच म्हणाले, "बेटी, माफी मांगने जा रही या माल बेचने?" मी म्हटलं, दोन्ही. ते म्हणाले, मग आधी एक कर.

नाना ओसरीवर पेपर वाचत होते. मला बघून दचकले नाहीत. बस म्हणाले. उसाचा उतारा यंदा किती बसला ते सांगितलं, अप्पांच्या पायाचं विचारलं, चाचांना चहा दिला, त्यांचा रोजा आहे कळल्यावर घरातल्यांना आवाज देऊन माझाही कप परत पाठवायला निघाले. मी म्हटलं, नाना, माझा रोजा नाही. तेव्हा पहिल्यांदा थोडे हसले.

मी सांगून टाकलं की दोन तारखेला मी चुकले, तुम्हाला बोलायला जागाच ठेवली नाही. त्यांनी पेपरची घडी केली.

"पैसं द्यायला पृथ्वीराज हाय की. कापड निवडायला बायका हायत. म्हातारा कशाला आणला व्हता मग? अकरा माणसांत तू मला गप बसवलंस पोरी."

मी विचारलं, मी मुलगी म्हणून तर नाही ना उठलात? सोमलिंगकाका तसं म्हणतात. नानांनी आतल्या दाराकडे हात केला. "ह्या घरात सगळा व्यवहार माझी सून बघती. तुझा चुलता येडा हाय."

मग तेच म्हणाले जे तू लिहिलं होतंस. तू तळाचा आकडा बोलून बसलीस, आता वर कशी जाणार, आणि खाली गेलीस तर तुझ्या बापाचं, बसलिंगप्पाचं दुकान बुडवायचं पाप माझ्या डोक्यावर. त्यांनाही वाट दिसत नव्हती, राहत. घरातल्या बायका रोज त्या शालूची आठवण काढतात, अकलूजला दोनदा जाऊन आले, मनासारखं मिळालं नाही, हे सून आतून ओरडून सांगत होती. अडलं होतं ते फक्त आकड्यावर.

टेम्पोत बसल्यापासून मी एकच गोष्ट घोळवत होते. ती तिथे बोलले. "नाना, मी आता आकडा सांगणारच नाही. या वेळी तुम्ही सांगायचा. हवा तेवढा खालचा सांगा. मी तुम्हाला वर नेते. जिथे तुम्ही थांबाल तिथे मी थांबेन."

नाना पुढे सरकले. "म्हंजे उलटा सौदा?"

"उलटा."

"आणि मी खालीच थांबलो तर?"

मी म्हटलं, तर तिथेच बांधते. चाचांनी टेम्पोत बसल्यावर मला त्यांच्या भाषेत बरंच ऐकवलं, ते मी लिहीत नाही.

काल, रविवारी, सगळे आले. या वेळी पंधरा माणसं, कारण हा उलटा सौदा म्हणजे काय ते बघायला श्रीपूरहून जास्तीची चार आली. काका आले. कल्लप्पाने नवा सदरा घातला होता. वरच्या खोलीचं दार सताड उघडं होतं.

नानांनी मांडी ठोकली आणि आकडा टाकला. "पंच्याऐंशी हजार."

लोक हसले. मी हसले नाही. मी शालू उलगडला. तो कुठून आला, त्याच्या पदराला किती दिवस लागतात ते सांगितलं. नाना म्हणाले, नव्वद. मी मानपानाच्या साड्या एकीवर एक ठेवल्या आणि म्हटलं, यातली एक साडी पृथ्वीराजच्या मोठ्या आत्याची आहे, तिच्यासाठी तुम्ही घासाघीस करताय हे तिला मान्य आहे का विचारा. आत्याबाई म्हणाल्या, नाही मान्य. पंच्याण्णव झाले. मामा मधे बोलायला गेले, त्यांना नानांनी गप केलं. एक लाखावर ते बराच वेळ अडले. त्यांनी धोतराला नावं ठेवली, मी त्यांनी नेसलेलं धोतर कुठून घेतलं ते विचारलं. ते आमच्याचकडचं होतं. कल्लप्पाला राहवेना, तोही तुटून पडला. तासभर आम्ही भांडलो. नाना इतके खूश मी कधी बघितले नव्हते. टोपी काढून ठेवली होती, घाम पुसत होते, मधेच माझ्या आजोबांची नक्कल करत होते.

"एक लाख पाच," ते म्हणाले, आणि गुडघ्यावर हात ठेवून गप्प बसले.

पाच हजारांची सरळ खोट. काका खाकरले. मी वर जिन्याकडे बघितलं नाही. शब्द दिला होता. मी दोरी घेतली, कापड पसरलं, माल त्यावर रचला आणि बांधायला घेतलं. पहिली गाठ मारली.

नानांनी हात पुढे करून गाठोड्यावर ठेवला. "थांब. मी अजून थांबलो न्हाय."

त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे बघून घेतलं, त्यांची वेळ होती ती.

"एक लाख दहा. आणि वर पाचशे एक, हिच्या पहिल्या बस्त्याचे." मग काकांकडे वळून म्हणाले, "लिवून घ्या सोमलिंगराव, आकडा हिनं वढलाय माझ्याकडनं."

दुसरी गाठ मारताना मला दोरी नीट दिसत नव्हती. कल्लप्पाने मारली.

अप्पा रात्री म्हणाले की नानाच्या बापाने माझ्या आजोबांना कधी एक रुपया वर दिला नव्हता. शोरूमवाल्याला येऊ नको म्हणून काकांनीच फोन केला. नशीब म्हणतात, पण म्हणताना पेढा खात होते. रंगारी आज बोर्ड बघून गेला. 'बसलिंगप्पा आणि बंधू' यातलं 'बंधू' पुसून 'कन्या' लिहायचं का, असं त्याने काकांसमोरच विचारलं. काका म्हणाले, जागा आहे तर खाली लिही, पुसतोस कशाला.

प्रियंका

पुणे, २६ मार्च

प्रियंका,

तुझं पत्र मी टीमसमोर वाचून दाखवलं. गाठोड्यावर हात ठेवला तिथे साहेब खुर्ची पुढे ओढून बसले. कुटुंबं राहणार. उठून गेलेल्या म्हाताऱ्याच्या घराचं दार आता उघडतं. आत जायचं, हात रिकामे ठेवून, आणि आकडा त्याला सांगू द्यायचा. तो कुठे थांबेल हे मी गणितात घातलेलं नाही. तुमची दोघांची किती वर्षांची ओळख आहे त्यावर सोडलंय. चित्रवाल्या मुलाने चहाचे कप काढायला घेतले आहेत.

ईदला घरी येते आहे. धाकट्या बहिणीचा निकाह ठरला, अम्मीला शालू तुझ्याकडूनच हवा. आपल्यात कसली घासाघीस? मैत्रिणीचा सरळ भाव काय तो लिहून पाठव, मी पैसे काढून आणते.

राहत

सोलापूर, २७ मार्च

राहत,

लिहून पाठवणार नाही. तुझ्या अम्मीला घेऊन ये आणि तुमच्या घरातल्या सगळ्यांत थोरल्या सुगराबी दादीला गादीवर मधे बसव. मी चांगला वरचा भाव सांगणार आहे. दादीला म्हणावं, घसा साफ करून या.

प्रियंका